अकराव्या जोडीवर कोण होतं

१८ नोव्हेंबर, मंगळवार. सकाळी दहा. नागापूर एमआयडीसी, अहिल्यानगर.
हजर : १) मी. २) शिंदेमामा, कारखान्याचे इलेक्ट्रिशियन. ३) रूपाली, रिसेप्शन.

साइटवर गेलं की आधी तारीख आणि हजेरी लिहायची, ही माझी पंचवीस वर्षांची सवय. हा अनुभवही तसाच लिहिते आहे, कारण दुसऱ्या कुठल्या पद्धतीने तो मला लिहिता येणार नाही. या सदरातले अनुभव मी नेहमी वाचते... खरं सांगायचं तर चहाबरोबर, करमणूक म्हणून. वाचता वाचता कारणं मोजत बसते — वारा, मांजर, अपुरी झोप. माझं वय एक्कावन्न, धंदा टेलिफोनचा. आमच्या धंद्यात भूत म्हणजे ओली केबल. आपोआप घंटा वाजते, मध्येच कुणाचं तरी बोलणं ऐकू येतं, गिऱ्हाईक घाबरून फोन करतं. केबल उघडावी तर आत पाणी सापडतं. मला दर वेळी सापडलेलं आहे.

त्या दिवशीचं काम साधं होतं. कारखाना पंपाचं कास्टिंग करणारा. ऑफिसच्या जिन्याखाली जुनं टेलिफोन एक्स्चेंज होतं, ते काढून सगळे फोन इंटरनेटवर न्यायचे होते. टेबलावरचे जुने फोन तेच ठेवायचे आणि मध्ये एक डबा बसवायचा, ज्याला गेटवे म्हणतात. एका बाजूला इंटरनेटची वायर, दुसऱ्या बाजूला सोळा पोर्ट. एकेका पोर्टला फोनच्या दोन तारांची एकेक जोडी लावायची. मग लॅपटॉपवर प्रत्येक पोर्टला नंबर द्यायचा. स्क्रीनवर सोळा ओळी दिसतात. फोन ठेवलेला असेल तर ओळीपुढे हिरवा ठिपका, रिसिव्हर उचललेला असेल तर लाल.

साडेबारापर्यंत सोळाही जोड्या जुन्या क्रमाने लावून झाल्या. डब्याला इंटरनेटचा पत्ता दिला, नंबर नोंदले, रूपालीने स्टोअरला, गेटला, कँटीनला फोन लावून पाहिले. आवाज स्वच्छ. मी एकेका ओळीवर टिक करत आले आणि अकराव्या ओळीपाशी थांबले. ठिपका लाल होता.

"मामा, अकरा नंबरची जोडी कुठे जाते?"

शिंदेमामांनी जुन्या कागदावर बोट ठेवलं. "ही व्हय? पॅटर्न शॉपची. पर ताई, ती शेड पाडून दोन वर्सं झाली. आता गवात हाय तिथं."

"मग फोन कुणी उचलून ठेवलाय?"

"फोनच न्हाई, तर उचलतंय कोन?"

पॅटर्न शॉप हे नाव मला माहीत होतं. चांगलंच माहीत होतं. जोड्या लावताना मी मुद्दाम नावं न वाचता नुसते आकडे वाचत आले होते.

इथे मला मागे जावं लागेल. क्रमाने सांगते.

चार वर्षांपूर्वीपर्यंत माझ्याबरोबर दिनकरनाना काम करायचे. कर्जत तालुक्यातले, माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठे. तारेचं काम त्यांचं, वहीचं काम माझं. मी एक्स्चेंजपाशी बसायचे, नाना केबलच्या दुसऱ्या टोकाला. दोघांकडे एकेक टेस्ट फोन. त्याला चिमटे असतात, ते तारेला लावले की बोलता येतं. मोबाईल आल्यावरही आम्ही तारेवरच बोलायचो. तार चालते की नाही हे तारेनेच सांगावं.

"नाना, सात?"

"सात हाय. बोला."

मी लिहीत असेन तोवर नाना लाईनवर थांबायचे, आणि मधूनमधून रिसिव्हरमध्ये फुंकर मारायचे. फू... फू... दोनदा. म्हणजे मी आहे अजून. मी "सोडा, नाना" म्हटलं की मगच चिमटे काढून पुढच्या जोडीवर.

"ताई, सोडा म्हना की. पाय अवघाडला."

"थांबा, लिहून होऊ द्या."

"तुमचं लिवून होईस्तवर माझी पेन्शन सुरू व्हईल."

हा "सोडा"चा नियम माझा. सुरुवातीला एकदा पुणतांब्याच्या एका शाळेत नाना न विचारता शिडीवरून उतरले, माझ्या दोन जोड्या उलटसुलट झाल्या आणि हेडमास्तरांचा फोन स्वयंपाकघरात वाजायला लागला. अर्धा दिवस वाया गेला. मी सगळ्यांसमोर नानांना बोलले. म्हटलं, मी सोडा म्हटल्याशिवाय लाईन सोडायची नाही, आग लागली तरी! नाना हसले. "बरं. आग लागली तर इचारून पळंन." त्यानंतर त्यांनी एकदाही न विचारता लाईन सोडली नाही.

चार वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात आम्ही याच कारखान्यात केबल तपासत होतो. शेवटी राहिलेली जोडी पॅटर्न शॉपची. तिचा डबा शेडच्या बाहेरच्या भिंतीवर उंच लावलेला, नाना शिडीवर, वर मे महिन्याचं ऊन. जोडी बरोबर निघाली. मी टिक केली. तेवढ्यात मॅनेजर साहेबांनी वर बोलावलं. मी टेस्ट फोन टेबलावर ठेवला, चिमटे तसेच, आणि वर गेले. नवीन कामाचं बोलणं निघालं, चहा आला, सरबत आलं. पाऊण तास गेला.

मी नानांना "सोडा" म्हटलंच नव्हतं.

खाली आले तर शिंदेमामा धावत येत होते. नाना शिडीखाली पडलेले होते. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. डॉक्टर म्हणाले, हृदय. "कुठेही झालं असतं." सगळे तेच म्हणाले. मामांनी एवढंच विचारलं होतं, "ताई, येवढ्या उनात नाना वर काय करत हुते?" मी म्हटलं, काम चालू होतं.

काम संपलेलं होतं. हे आजवर मी कुणालाही सांगितलेलं नाही. इथे लिहिते आहे, ते पहिल्यांदाच.

तर, लाल ठिपका. मी कारणं लिहून काढली. एक, पोर्ट खराब. दोन, तारा एकमेकींना चिकटल्या. तीन, पाणी. जोडी पोर्टमधून काढली, ठिपका हिरवा झाला. परत लावली, लाल. म्हणजे पोर्ट चांगला. जोडी काढून मीटर लावला. तारा चिकटल्या असत्या तर आकडा अगदी थोडा आला असता. पाणी असतं तर आकडा नाचला असता. आणि तार नुसती तुटलेली असती तर मीटर हललाच नसता. आकडा आला चारशे ओहमच्या आसपास, स्थिर. लाईनवर कुणी फोन लावून थांबलं असेल, तर येतो तेवढा.

मामांना मोबाईल घेऊन मागे पाठवलं. दहा मिनिटांनी त्यांचा फोन आला.

"ताई, केबल सापडली. भिंतीच्या पायापाशी तोडल्याली हाय."

"अकरावी जोडी बघा. निळी आणि काळी."

"बघितली. दोनी तारा वायल्या हायेत. मधी इतभर अंतर हाय."

"कशाला चिकटल्यात का?"

"न्हाई ओ! हातात धरून उभा हाय मी. कायच न्हाई लागल्यालं."

मीटर चारशेच दाखवत होता. मी जोडी पुन्हा पोर्टला लावली. रूपाली लॅपटॉपपाशी होती. "मॅडम, अजून लालच आहे," म्हणाली. मग माझ्याकडे बघून, "पाणी देऊ का तुम्हाला?"

मी पिशवीतून माझा टेस्ट फोन काढला. हात स्थिर होता, हे मला आठवतं. चिमटे तारांना लावले आणि रिसिव्हर कानाला.

आधी काही नाही. लाईन उघडी असली की एक पोकळ शांतता असते, तेवढीच. मग त्या शांततेत लांबवर लाकूड कापायच्या करवतीचा आवाज. पॅटर्न शॉपमध्ये लाकडाचे साचे करायचे, तिथे ती करवत दिवसभर चालायची. तिथेच उभ्या असलेल्या मामांना मी मोबाईलवर विचारलं, "मामा, तिकडे कुठे करवत चालू आहे?"

"कसली करवत? चिमन्या वरडत्यात नुसत्या."

आणि मग रिसिव्हरमध्ये, अगदी कानाजवळ...

फू. फू.

मी ओरडले नाही, रडलेही नाही. लोक विचारतील म्हणून सांगते. माझ्या मनात आलं ते फक्त इतकंच, की चार वर्षं. पाऊण तास नव्हे, चार वर्षं. मी मामांचा कॉल बंद केला. रूपालीला म्हटलं, जरा तोंड तिकडे कर. ती वळली. मी म्हटलं, "नाना, जोडी बरोबर आहे. झालं काम. सोडा."

करवत थांबली नाही. ती हळूहळू लांब गेली, एवढंच. उत्तर आलं नाही. सोडा म्हटल्यावर नाना उत्तर कधी द्यायचेच नाहीत, लाईन सुटल्याचा खट् आवाज यायचा फक्त. तो आला. मी माझे चिमटे काढले.

"मॅडम, अकरा नंबर हिरवा झाला," रूपाली म्हणाली.

मीटर लावला. आकडा आलाच नाही. तुटलेली तार दाखवते तसा.

मामा परत आले तेव्हा मी हत्यारं आवरत होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि नुसतं विचारलं, "नानांचीच जोडी हुती ना ती?" मी हो म्हटलं. ते खुर्चीवर बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "त्यांना मीच उचलल्यालं," म्हणाले. "हातात फोन घट धरल्याला. सोडवताना लई तरास झाला."

हे मला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गेटवे कंपनीच्या सपोर्टवाल्याशी बोलले. त्याच्या मते बाजूच्या जोडीतून वीज उतरली असेल. तोडलेल्या जोडीवर चारशे कसे, विचारलं, तर म्हणाला, मॅडम मीटर चेक करा. मीटर चेक केला. बरोबर आहे. मी जोडी काढली त्या दोन वेळा वगळता, गेटवेच्या नोंदीत अकरावा पोर्ट डबा चालू केल्यापासून उचललेला आहे आणि एकदाच ठेवलेला आहे. तो कागद काढून फाईलला लावला आहे. केबल पुढच्याच आठवड्यात मामांनी सगळी ओढून काढली, मी समोर उभं राहून हातभर हातभर तपासली. कोरडी होती. मला कारण सापडलेलं नाही. तुमच्यापैकी कुणी या धंद्यात असेल आणि काही सुचलं तर जरूर लिहा, मी मनावर घेईन.

पण हे लिहायला बसले ते त्यासाठी नाही.

त्या मंगळवारीच संध्याकाळी मी इंदूवहिनींना फोन केला. नानांच्या पत्नी, कर्जतजवळ गावातच असतात. ठरवून केला होता, सांगायचंच म्हणून. नानांची हत्याराची पिशवी मी तेव्हा त्यांच्याकडे पोचवली होती, तिथून सुरुवात केली.

"वहिनी, नानांचा टेस्ट फोन आहे का हो पिशवीत?"

"हाय की. समदं हाय तसंच ठिवलंय. का वो ताई, पायजे का?"

"नाही, सहज. वहिनी, मला तुम्हाला एक..."

"काल पाव्हने आल्ते," त्या मधेच म्हणाल्या. "इचारत हुते, दिनकरराव कशानं गेले. म्या सांगितलं, माजा मानूस अंथरुनात न्हाई गेला. काम करता करता गेला. हातातलं काम अर्धं टाकून उतारला न्हाई कदी. व्हय ना ताई? तुमी तर हुता तिथं."

मी म्हटलं, "हो वहिनी."

"तेवढंच हाय बगा माझ्यापाशी," त्या म्हणाल्या. "आता बोला, तुमी काय म्हनत हुता?"

मी म्हटलं, काही नाही, तब्येतीला जपा.

डिसेंबरात एकदा कर्जतच्या स्टँडपर्यंत गेले. गावाकडची जीप उभी होती, ड्रायव्हर हाका मारत होता. मी पेरू घेतले आणि पुढच्या एसटीने नगरला परत आले. खरं सांगितलं तर त्यांच्यापाशी जे तेवढंच आहे, ते मी घेऊन जाईन. न सांगितलं तर त्या प्रत्येक पाहुण्याला माझं खोटं सांगत राहतील. यातलं कुठलं बरोबर, याची यादी दोन्ही बाजूंनी करून पाहिली. दोन्ही बाजू सारख्याच लांब होतात.

या आठवड्याची कामं अशी : सावेडीतल्या क्लिनिकचे दोन फोन. सुप्याच्या गोदामात राऊटर बदलणे. गाडीचं सर्व्हिसिंग. कर्जत, इंदूवहिनींना भेटून सांगणे.

पहिली तीन झाली.