पूजेला बसलेली डबी

आमच्या गॅरेजात पान्हे, जॅक, ग्रीस हे नवऱ्याचं खातं आणि ज्याला म्हणून केबल लागते ते माझं. ही वाटणी कुणी बसून केलेली नाही. नळदुर्गला हायवेच्या कडेला नवऱ्याचं गॅरेज, त्याला चिकटून माझं कॉम्प्युटरचं दुकान आणि मध्ये पत्र्याची भिंत. एखाद्या गाडीत काही लुकलुकायला लागलं की नवरा त्या पत्र्यावर पान्हा वाजवतो आणि मी कुरकुरत जाते.

ट्यूनरही असाच माझ्या गळ्यात पडला. मोठ्या मोबाइलएवढी काळी डबी. स्टिअरिंगखाली एक सॉकेट असतं, त्यात तिची वायर खोचली की ती इंजिनाशी बोलायला लागते. पेडल दाबल्यावर डिझेल किती सोडायचं, गाडीनं किती जोर लावायचा, हे सगळं गाडीच्या आत लिहिलेलं असतं. डबी आधी ते मूळचं लिखाण स्वतःकडं जपून ठेवते आणि मग आपल्याला हवं ते त्या जागी लिहिते. कंपनीनं तिला लांबलचक नाव दिलंय, पण घरात सगळे डबीच म्हणतात.

डबी हुशार, पण तिला सारखं अपडेट लागतं. गाडी दारात उभी, गिऱ्हाईक दुसरा चहा पिऊन कंटाळलेलं आणि ही म्हणणार, आधी मला लॅपटॉपला जोडा. जोडावं तर लॅपटॉप म्हणणार, आधी माझं अपडेट करा. तेवढ्यात वीज जाते. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात ते मी पोटापाण्यासाठी बघते. मी मुळात शांत बाई नाही. मी अपडेट करायला बसले की शेजारच्या ढाब्यावरची कुत्रीसुद्धा उठून जातात, असं नवरा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो.

त्या दसऱ्याला मात्र डबीचं काम घरचं होतं. आत्यांचं. आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात. आत्यांचं माहेर सीमेपलीकडं, कर्नाटकात. गाडीनं फार लांब नाही, पण एसटीनं जायचं तर दोनदा बस बदलायची आणि शेवटी फाट्यावर उभं राहायचं. दर दसऱ्याला त्या सकाळीच इरकली पातळ नेसून ओट्यावर बसायच्या आणि कुणाला सवड होते का त्याची वाट बघायच्या. एका दसऱ्याला कुणालाच सवड झाली नाही. नवऱ्याकडं ट्रकची रांग, माझ्याकडं फॉर्म भरणाऱ्यांची. दुपार कलली तेव्हा आत्या उठल्या, पातळ सोडून घडी घालून ठेवलं आणि भाकरी थापायला बसल्या. पुढच्याच आठवड्यात साठी उलटलेल्या आमच्या आत्यांनी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं.

शिकल्या, परवानाही मिळवला. पण आमची डिझेल गाडी जरा तापट. पेडलवर पाय टेकला न टेकला की उडी मारते. एकदा बाजाराच्या दिवशी तिनं अशी उडी घेतली की पुढचा कांदेवाला पाटी टाकून पळाला. कुणाला काही लागलं नाही, पण आत्यांनी तिथंच किल्ली काढून माझ्या हातात दिली.

"पोरी, ही गाडी न्हाय, रेडकू हाय," त्या म्हणाल्या. "तुझी ती डबी लावून हिला जरा मऊ कर. मग ह्या दसऱ्याला म्या सोता चालवत माहेराला जाते. न्हायतर हात लावत न्हाय."

एवढ्यावर थांबल्या असत्या तर ठीक. त्यांनी भावाला फोन करून कानडीत सगळा बेत सांगून टाकला. पलीकडून भावाचं हसणं मला स्वयंपाकघरापर्यंत ऐकू आलं. आत्यांनी फोन ठेवला आणि दसऱ्याला नेसायचं पातळ उन्हात टाकलं. आता गाडी मऊ झाली नसती तर ते पातळ पुन्हा घडी होऊन पेटीत गेलं असतं, आणि ह्या वेळी कायमचंच, हे मला स्पष्ट दिसत होतं.

कंपनीनं पेडल मऊ करणारी सेटिंग मेलवर पाठवली. डबीचं अपडेटही पहिल्या झटक्यात झालं. तिथंच मला शंका यायला हवी होती. दुसऱ्या दिवशी, म्हणजे खंडेनवमीला, सकाळी मी डबी गाडीला जोडली. किल्ली चालू, इंजिन बंद. पडद्यावर आलं, लिहिणं चालू आहे, वायर काढू नका. रेघ गोगलगाईच्या चालीनं पुढं सरकायला लागली. गॅसवर दूध ठेवलं होतं म्हणून मी आत गेले.

परत येऊन बघते तर सॉकेट रिकामं आणि डबी वायरीसकट गायब. मी "चोर, चोर" करून ओरडले. नवरा धोतर सावरत आला, कारण पूजेपुरतं त्यानं धोतर नेसलं होतं आणि ते त्याला सावरत नव्हतं.

"चोर कशाला? आईनं नेली असंल," तो म्हणाला.

गॅरेजात जाऊन बघितलं. पाटावर नवं कापड, त्यावर सगळे पान्हे धुऊनपुसून ओळीनं मांडलेले, जॅकला झेंडूचा हार, हवा भरायच्या यंत्राला कुंकवाची बोटं. आणि मधोमध, मानाच्या जागी, आमची डबी. तिच्यावर गंध, ओली हळद, कुंकू, अक्षता, वर एक झेंडू. आत्या हात जोडून बसल्या होत्या.

"आत्या, ही गाडीला लावली होती!"

"व्हय की. म्या काढली," त्या डोळे न उघडता म्हणाल्या. "आज खंडेनवमी. आज हत्याराला कामाला लावत न्हाईत. तुमी शिकलेल्या पोरी इसरता, मग आमीच बघायचं."

मी गाडीकडं धावले. किल्ली फिरवली. सगळे दिवे एकदम लुकलुकले आणि विझले. इंजिन साधं खाकरलंसुद्धा नाही. लिखाण अर्ध्यात तुटलं होतं; जुनं पुसलं गेलेलं, नवं पुरतं आलेलं नाही. मी पुन्हा गॅरेजात आले आणि डबीला हात घालणार तोच आत्यांनी माझं मनगट धरलं.

"पूजेत बसलंय ते. उद्या सकाळी हळदकुंकू वाहून हलवायचं."

"आत्या, डबी मध्येच काढल्यामुळं गाडी बंद पडली आहे. आत्ता लावली नाही तर उद्याचं काही खरं नाही. तुमचंच जाणं आहे."

तेव्हा त्यांनी डोळे उघडले. हात दाखवून अवलक्षण झालं होतं आणि ते त्यांना कळलं. चेहरा इतका उतरला की माझा राग जागच्या जागी थिजला. नवरा म्हणाला, आई, देवाला सांगू, उचलू दे. आत्यांनी डबीवरचा कललेला झेंडू सरळ केला.

"जलमभर हीच रीत पाळली," त्या म्हणाल्या. "आता माझं सोताचं काम अडलं म्हणून मोडू व्हय? ऱ्हाऊ दे तिला तिथंच."

असल्या माणसाशी भांडता येत नाही. मला तर फार भांडायचं होतं. दिवसभर मी त्या बंद गाडीकडं आणि झेंडू डोक्यावर घेऊन बसलेल्या डबीकडं आळीपाळीनं बघत पुरणाची डाळ निवडली, आणि मला आत्यांचा राग येत होता त्याहून जास्त त्यांचं कौतुक वाटत होतं. दोन्ही एकदम वाटतं तेव्हा डाळ फार बारकाईनं निवडली जाते.

दसऱ्याच्या सकाळी आत्यांनी उत्तरपूजा करून डबी माझ्या हातात दिली, तान्हं लेकरू द्यावं तशी. अर्ध्यात तुटलेलं काम आधी लॅपटॉपवरून सोडवावं लागतं, म्हणून मी ती लॅपटॉपला जोडली. लॅपटॉपला डबी दिसेना. दुसऱ्या खाचेत लावली. दिसेना. ड्रायव्हर काढून पुन्हा टाकला, अँटिव्हायरस बंद केला, लॅपटॉप बंद करून चालू केला. नाहीच. अडला हरी म्हणत कंपनीच्या मदतीच्या नंबरवर फोन लावला. तिथल्या सुटीतही कामावर बसलेल्या बिचाऱ्या मुलीनं विचारलं, "मॅडम, अपडेटच्या आधी डिव्हाइसमध्ये काही बदल केला होता का?" आता हिला खंडेनवमी कुठून समजावू? ती म्हणाली, केबल बदलून बघा. मी चिडून केबल उपसली आणि तिच्या टोकाकडं माझं लक्ष गेलं. टोक पिवळं होतं.

डबीची खाच उजेडात धरली. आत ओली हळद जाऊन वाळून घट्ट बसली होती, आणि तिच्यावर कुंकवाचा थर. देवाला जे वाहतात ते सगळं डबीच्या पोटात पोचलं होतं. मी हसायला लागले. नवरा दाराशी आला, त्यानं बघितलं आणि तोही भिंतीला टेकून हसायला लागला. मग त्यानंच शिवणाची सुई घेऊन हळूहळू सगळं खरवडलं आणि मी स्पिरिट लावलेल्या जुन्या टूथब्रशनं पुसलं. जोडल्याबरोबर लॅपटॉप टुणकन वाजला.

मग डबी गाडीला लावली. तिनं जपून ठेवलेलं मूळचं लिखाण गाडीत परत गेलं आणि गाडी पहिल्या किल्लीला सुरू झाली. मऊ सेटिंग मात्र चढेना. अर्ध्यात तुटल्यावर ती फाइल बाद झाली होती आणि नवी पाठवणारं ऑफिस दसऱ्यामुळं बंद. म्हणजे गाडी चालू, पण रेडकू ते रेडकूच.

आत्या तेवढ्यात पातळ नेसून बाहेर आल्या. "झाली व्हय गं मऊ?"

मी तोंड उघडणार तोच नवरा म्हणाला, "झाली आई. बस." आणि माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं की मी आयुष्यात क्वचितच गप्प बसते तशी गप्प बसले. तो आईशेजारी हँडब्रेकवर हात ठेवून बसला, मी मागं देवाचं नाव घेत.

खरं सांगते, पहिले काही खांब मी मोजले नाहीत, डोळे मिटले होते. मग उघडले. गाडी नीट चालली होती. आत्या ट्रकला वाट देत होत्या, खड्डा आला की आधीच पाय उचलत होत्या, पेडलवर पाय दुधाची साय काढावी तसा हलका ठेवत होत्या. "बघ की," त्या आरशात माझ्याकडं बघून म्हणाल्या, "डबीनं काय गुण लावला! कशी शान्यावानी चालतिया." नवऱ्यानं हँडब्रेकवरचा हात काढून घेतला. मी खिडकीबाहेर तुरीकडं बघत बसले.

माहेरच्या दारात गाडी उभी राहिली. आत्यांचे भाऊ, म्हणजे आमचे मामा, हातात पानं घेऊन बाहेर आले. त्या बाजूला सोन्याला बन्नी म्हणतात. ते थेट मागच्या दाराशी गेले, वाकून आत बघितलं, मी एकटीच दिसले. "अक्का एल्ली?" त्यांनी कानडीत विचारलं, अक्का कुठं? पुढचं दार उघडून आत्या उतरल्या. पोरंबाळं जमली, बायका बाहेर आल्या, कुणीतरी टाळ्या पिटल्या. आत्या लाजल्या.

"सुनंनं डबी लावून गाडी मऊ केली, म्हणून आले बग," त्या म्हणाल्या.

"असं व्हय!" मामा खो खो हसले. "म्या म्हणलं अक्कानं चालवली. चालवली डबीनंच की!" सगळं अंगण हसलं. आत्याही हसल्या, पण पदर उगीचच सारखा करत खाली बघून.

माझा ताबा सुटला. "मामा, डबीनं काही केलेलं नाही," मी म्हणाले. "सेटिंग चढलीच नाही. गाडी पहिली होती तशीच आहे. आम्ही आत्यांना सांगितलं नव्हतं. आणली ती आत्यांनी."

हसणं थांबलं. आत्यांनी माझ्याकडं बघितलं, मग लेकाकडं. त्यानं मान खाली घातली आणि विषय टाळायला म्हणून किल्ली उचलली, गाडी लिंबाखाली सावलीत लावतो म्हणाला. मला वाटलं, आता काही खरं नाही.

आत्यांनी भावाच्या हातातलं सोनं घेतलं, पदरात टाकलं आणि लेकापुढं हात पसरला.

"दे हिकडं," त्या म्हणाल्या. "म्या लावते."