पेडल दाबलं की तार उतरते

“ताई, फक्त उभी राहिली पाहिजे. वाजली नाही तरी चालेल.”

पवारजींनी आपल्या गिटारबद्दल असं म्हणावं याचं मला नवल वाटलं. पवारजी वीज मंडळातून रिटायर झालेले, आणि जवळजवळ तीस वर्षं इंदूरच्या ऑर्केस्ट्रांमध्ये वाजवणारे. कार्यक्रमाला गेले की गिटारची पेटी दुसऱ्या कोणाला उचलू द्यायचे नाहीत. त्या शनिवारी दुपारी तीच गिटार टेम्पोतून उतरवून त्यांनी पोलोग्राउंड औद्योगिक वसाहतीतल्या माझ्या शेडमध्ये आणली. तिच्या चार पायांपैकी एकाचे आटे झिजले होते, त्यामुळे ती डुगडुगत होती.

मी टूलरूम चालवते. कारखान्यांना लागणारे साचे, म्हणजे डाय, आणि सुटे भाग धरून ठेवणारी फिक्स्चर बनवणं, त्यांची मापं तपासणं हे आमचं काम. संगीताशी माझा काही संबंध नाही. घरी आरतीला मला फक्त टाळ्या वाजवायला सांगतात, तोंड उघडू देत नाहीत. पण पवारजींच्या गिटारला मेकॅनिक मिळत नाही, म्हणून ते माझ्याकडे येतात.

या गिटारला पेडल स्टील म्हणतात. ती मांडीवर घ्यायची नसते. अरुंद टेबलासारखी चार पायांवर उभी असते आणि वाजवणारा समोर स्टुलावर बसतो. वर दहा तारा. डाव्या हातात पोलादी बार धरून तो तारांवर सरकवायचा. खाली तीन पेडल. पेडल दाबलं की एक दांडी ओढली जाते आणि ठरलेल्या दोन तारा ताणल्या जाऊन वरच्या सुरात जातात. मला हे वाद्य आवडतं, कारण खालून पाहिलं तर ते चक्क एक मशीन आहे.

“उभी राहून काय करायचंय?” मी विचारलं.

“राऊ गावात एक जण कॅफे खोलतोय. त्याला शोपीस पाहिजे. रविवारी घेऊन जाणार आहे.”

“आणि तुम्ही?”

“माझे कान गेले, ताई.” त्यांनी हे असं सांगितलं, जसं कोणी नळाला पाणी नाही म्हणून सांगतं. “दोन वर्षं झाली. बेसूर वाजतंय हे मला कळतं, पण सुधरत नाही. कीबोर्डवाला बोलला, पवारजी, थोडा नीचे लग रहा है. मग मीच ऑर्केस्ट्रा सोडला. जबरदस्ती कशाला करायची? शिकायला दोघं येत होते, त्यांनाही नाही म्हटलं. ज्याला स्वतःचा सूर कळत नाही, तो दुसऱ्याला काय सांगणार?”

त्या हिवाळ्यात त्यांना मोठी सर्दी झाली होती. डॉक्टरांनी तपासलं. उजव्या कानाला वरचे आवाज थोडे कमी येतात, वयाचं आहे, असं सांगितलं. पवारजींनी त्यातलं ‘वयाचं’ तेवढं पक्कं धरलं.

मी पायाचे आटे नवे पाडले. गिटार उभी केली आणि बसून बघा म्हटलं. पवारजी बसले, एक सूर छेडला, दोन पेडल एकदम दाबले आणि दात दुखल्यासारखं तोंड केलं.

“बघा. खुली वाजवतो तर ठीक. दोन पेडल दाबले की सगळं खराब.”

मला यातलं काहीच ऐकू आलं नाही. पण वाक्य खटकलं.

“पवारजी, कान बिघडला तर तो कायमच बिघडलेला असेल ना? तुमचा पाय कुठे आहे हे कानाला कसं कळतं?”

त्यांनी पाय पेडलवरून काढला. मग म्हणाले, “रोज ट्यूनर लावूनच मिलवतो मी. मतलब, गिटार तर बरोबर आहे.”

“कसं मिळवता? करून दाखवा.”

त्यांनी मोबाइलवर काट्याने सूर दाखवणारा ट्यूनर काढला. आधी दहाही तारा खुल्या मिळवल्या. मग एकेक पेडल दाबून, ते ज्या तारांना ओढतं तेवढ्या दोन मिळवल्या. काटा प्रत्येक वेळी बरोबर मध्यावर.

“आणि पेडल दाबलेलं असताना बाकीच्या आठ?”

“त्यांना पेडल हातच लावत नाही, ताई. त्या कशाला बघायच्या?”

“बघा ना.”

चौथी तार. खुली असताना काटा मध्यावर. पवारजींनी दोन पेडल दाबून तीच तार पुन्हा वाजवली. काटा डावीकडे, खालच्या सुराकडे घसरला. पाय सोडला, काटा मध्यावर. पुन्हा दाबलं, पुन्हा डावीकडे. त्यांनी हे सहा-सात वेळा केलं. कैलाश, वीस वर्षांपासून माझ्याकडे असलेला मशिनिस्ट, लेथ बंद करून बघायला आला.

न ओढलेली तार सैल पडते, याचा अर्थ तिची दोन टोकं जवळ येत होती. टोकं जवळ येतात म्हणजे मधली बॉडी वाकते. मी डायल आणला. डायल म्हणजे घड्याळासारखं माप. त्याचं एक घर म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. स्टँड जमिनीवर भक्कम ठेवून डायलचं टोक बॉडीच्या मध्याला टेकवलं.

“दाबा.”

बारा घरं. केसाच्या जाडीहून जरा जास्त. पवारजींच्या पायाने अख्खी बॉडी खाली ओढली जात होती आणि न ओढलेल्या तारा उतरत होत्या. मग ते बार थोडा पुढे सरकवून त्या तारा सावरायला जायचे, तर ओढलेल्या तारा चढायच्या. दोन वर्षं हा माणूस या चोर-पोलिसाच्या खेळात स्वतःलाच चोर समजत होता.

बॉडी इतकी नरम का, हे बघायला मी खाली वाकले. खरं तर वाकायची गरज नव्हती. खाली काय आहे ते मला पाठ होतं.

दोन वर्षांपूर्वी, दिवाळीच्या आधी, पवारजींनी कंबर दुखते म्हणून वजन कमी करून मागितलं होतं. मी गिटार व्हीएमसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर चढवली आणि बॉडीचं लाकूड खालून चौकोनी खणांमध्ये कोरून काढलं. समोरची उभी फळीही काढून टाकली. साडेचार किलो कमी झालं. इतकं देखणं काम झालं होतं की मी त्याचे फोटो ग्राहकांना दाखवायचे. हिशेबही केला होता. दहा तारांचा मिळून ताण किती आणि तो बॉडीला झेपेल का, सगळं कागदावर होतं. पवारजींच्या पायाचा लोड तेवढा कागदावर नव्हता. गिटार म्हणजे तारा, एवढंच माझ्या डोक्यात होतं. जाडी निम्मी केली की ताठपणा आठवा हिस्सा उरतो, हे मी ट्रेनींना पहिल्या आठवड्यात शिकवते.

कैलाशने ओळखलं. मला बाजूला घेऊन म्हणाला, “मैडम, बोलने की क्या जरूरत है? ठीक करके दे दो. दुआ देंगे.”

खोटं कशाला बोलू, एक मिनिट मला ते पटलं. तिकडे पवारजी स्टुलावर बसून म्हणत होते, “ताई, तुम्ही तर कमाल केली. तुमचे उपकार कसे...” मी त्यांना पुढे बोलू दिलं नाही. मी समोर जाऊन सगळं सांगितलं. खण, फळी, हिशेब. चूक माझी, कानाची नाही.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“म्हणजे मला जे ऐकू येत होतं, ते खरंच तसं होतं?”

“हो.”

“आणि कीबोर्डवाला बरोबर बोलत होता.”

“हो.”

“दोन वर्षं, ताई,” ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं वाटलं असतं. मी कैलाशला चहा सांगायला पाठवलं. चहा आला, तो त्यांनी घेतला नाही. गिटार तिथेच ठेवून ते गेले.

रविवारी कॅफेवाल्याचा मला फोन आला, की पवारजी विकायला नाही म्हणतात, जरा समजवा. मी इंदुरी थाटात म्हटलं, भिया, दुसरं काही उभं करा.

आम्ही समोरची फळी सागवानाची नवी केली आणि खालच्या खणांवर आडवे दोन ॲल्युमिनियमचे अँगल घट्ट कसले. वजन साडेपाच किलोने वाढलं, म्हणजे गिटार पहिल्यापेक्षाही किलोभर जड झाली. मंगळवारी पवारजी आले. मी डायल लावून दाखवला. दोन पेडल दाबल्यावर तीन घरं. बारावरून तीन. ट्यूनरचा काटा जेमतेम हलत होता. मी समाधानाने डायल काढून घेतला.

पवारजींनी मशिनी बंद करायला लावल्या. शेड शांत झाली. त्यांनी डोळे मिटले, चौथी तार छेडली आणि पेडल दाबून धरले. मग सोडले. पुन्हा दाबले. एकाच सुरावर पाच मिनिटं. माझ्या कानाला सगळं सारखंच.

“ताई, अजून केसभर उतरतंय.”

“तेवढं राहणारच. लाकूड आहे.”

“राहू दे, राहू दे. पण उतरतंय. मला ऐकू येतंय.” त्यांचा चेहरा असा उजळला होता, की कैलाश माल रिजेक्ट करताना हसणारा ग्राहक पहिल्यांदाच बघतोय म्हणाला. मलाही आयुष्यात कोणाच्या तक्रारीने इतकं हलकं वाटलं नव्हतं.

ऑर्केस्ट्रात त्यांची जागा आता नाही, तिथे कीबोर्डवालाच गिटारचा आवाज काढतो. शिकणाऱ्या दोघांतला एक परत आला. पवारजी त्याला पेडल दाबून उरलेल्या आठही तारा तपासायला लावतात. आमच्या ड्रॉइंगच्या फॉर्मवर लोडच्या रकान्याखाली मी एक ओळ वाढवली आहे: वापरणारा माणूस कुठे जोर लावतो? नवे इंजिनीअर ती ओळ रिकामी सोडतात. मी फॉर्म परत पाठवते.