हसली नाही म्हणून दहापैकी दोन

“द मूव्ही वॉज सिंपली हिलॅरियस,” नववा मुलगा म्हणाला आणि मी हातातलं पेन टेबलावर आपटलं.

त्याच्या आधीच्या आठही जणांनी हेच वाक्य म्हटलं होतं. त्याच सुरात आणि त्याच जागी थांबून. त्यानंतर “द टायमिंग वॉज परफेक्ट” आणि शेवटी “आय कुडंट स्टॉप लाफिंग”. शाळेत सकाळी प्रतिज्ञा म्हणतात ना, अगदी तसं.

“काय आहे खिशात? काढ,” मी म्हणाले.

पोरानं निमूटपणे झेरॉक्स काढून दिली. त्यावर सात-आठ इंग्रजी वाक्यं टाइप केलेली. सिनेमाचं नाव यायचं तिथे रिकामी जागा सोडलेली. मागच्या बॅचनं या बॅचला दिलेल्या या नोट्स. सिनेमा कुठलाही असो, मत तयार!

मी शेजारी बसलेल्या आशुतोषकडे पाहिलं. आशुतोष आमचा ट्रेनिंग मॅनेजर. माझ्यापेक्षा पंधरा-एक वर्षांनी लहान, पण माझा बॉस. त्यानं कागद वाचला, हसला आणि म्हणाला, “फ्लुएन्सी चांगली आहे. आठ देऊ या.”

आता हा काय प्रकार होता ते सांगते. तेव्हा खराडीत नुकत्याच काचेच्या इमारती उभ्या राहायला लागल्या होत्या. मी बरीच वर्षं शाळेत इंग्रजी शिकवून तिथल्या एका कंपनीत व्हॉइस ट्रेनर म्हणून लागले होते. काम साधं होतं. परदेशातल्या एका बँकेच्या गिऱ्हाइकानं तक्रार करायला फोन लावला, की तो खराडीत वाजायचा. उचलणारी पोरं पुण्याची. त्यांनी ऐकायचं कसं, बोलायचं कसं आणि समोरचा शिव्या देत असताना डोकं शांत कसं ठेवायचं, हे मी शिकवायची. ट्रेनिंग संपलं की पोरं ‘फ्लोअर’वर जायची, म्हणजे खरे फोन घ्यायला.

त्यात आशुतोषच्या डोक्यातून ‘स्मॉल टॉक राउंड’ निघाला. तो दोन वर्षं अमेरिकेत राहून आला होता. तिथे लोक एकमेकांशी सहज सिनेमाबद्दल बोलतात, तर आपल्या पोरांनाही ते जमलं पाहिजे, असं त्याचं म्हणणं. म्हणून गुरुवारी ट्रेनिंग रूममध्ये नवा हॉलिवूडचा विनोदी सिनेमा दाखवायचा आणि शुक्रवारी प्रत्येकानं त्यावर दोन मिनिटं ‘कॅज्युअल ओपिनियन’ द्यायचं. म्हणजे सहज मत. या सहज मताला दहा मार्क. पाचाच्या खाली गेलात, तर बॅचमधून बाहेर! सहज मत द्यायचं म्हणून पोरं घाबरून पाठांतर करत होती आणि यात कुणाला काही विचित्र वाटत नव्हतं.

त्या सिनेमांबद्दल माझंही मत होतं. मला कुणी विचारलं नाही, म्हणून इथे सांगते. दर दुसऱ्या सिनेमात लग्नाच्या आदल्या दिवशी नवरदेवाचे मित्र पिऊन तर्र होतात आणि नवरदेव हरवतो. दर तिसऱ्या सिनेमात कुणीतरी कुणाच्यातरी अंगावर ओकतं. सासरा केकमध्ये पडतो. केक दिसला की मी समजून जायची, आता सासरा येणार. अधूनमधून एखादं वाक्य खरंच झकास यायचं, नाही असं नाही. मी मनापासून हसलेही आहे. पण एका झकास वाक्यासाठी दोन तास ओकाऱ्या बघायच्या, म्हणजे शिक्षाच की हो!

त्या आठवड्याचा सिनेमा मात्र वेगळा होता. त्यातलं एक पात्र आपल्याकडचं होतं. हेल्पलाइनवर फोन घेणारा माणूस. त्याचं नाव कुणाला उच्चारता येत नाही, त्याचं इंग्रजी वाकडं. हीरो त्याला फोनवर वाट्टेल ते बोलतो आणि हा आपला “सॉरी सर, सॉरी सर” करत मान हलवतो. शेवटी त्याचा हेडफोन त्याच्याच गळ्यात अडकतो आणि तो खुर्चीसकट पडतो. आमची अख्खी रूम खिदळली. उद्या हेच काम करणारी पोरं, आणि हसून हसून लोटपोट! आशुतोष तर डोळे पुसत होता.

एक मुलगी हसली नव्हती. विशाखा कांबळे.

विशाखा बिबवेवाडीहून दोन बस बदलून यायची. वडील पोस्टातून निवृत्त झालेले. मुलगी मराठी माध्यमातली, पदवीधर. तीन वर्षं इंटरव्ह्यू देत होती आणि दर ठिकाणी इंग्रजीवरून परत पाठवत होते. ही तिची पहिली पक्की होऊ घातलेली नोकरी. त्या बॅचमध्ये तिच्यासारखी फोनवर बोलणारी दुसरी नव्हती, हे मी छातीठोकपणे सांगते. मॉक कॉल म्हणजे खोटा फोन, त्यात मी चिडलेलं गिऱ्हाईक व्हायची. बाकीची पोरं मला मध्येच तोडून सॉरी-सॉरी करायची. ही मला पूर्ण ओरडू द्यायची. मग शांतपणे विचारायची, “कार्ड शेवटचं कुठे चाललं होतं?” मला पुढे ओरडायला काही उरायचंच नाही.

त्या शुक्रवारी झेरॉक्सचा सगळा घोळ झाल्यावर तिचा नंबर आला. तिच्या हातात कागद नव्हता. ती इंग्रजीतच बोलली, मी मराठीत सांगते.

“सिनेमाचा पहिला अर्धा तास मला आवडला. आई आणि मुलाचं भांडण खरं वाटलं. पण त्या फोनवाल्या माणसाला दिवसभर लोक शिव्या देतात आणि तो सॉरी म्हणतो. फ्लोअरवर गेल्यावर मी रोज हेच करणार आहे. त्यामुळे मला हसू आलं नाही.”

एवढं बोलून ती बसली. मला उठून टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. त्या राउंडमधलं हे पहिलं मत होतं, बाकी सगळा कागद होता.

आशुतोषनं दोन मार्क लिहिले.

मी त्याच्या केबिनमध्ये गेले. दार ठोठावलं नाही.

“दहापैकी दोन? कशाबद्दल?”

“निगेटिव्ह ॲटिट्यूड, काळे मॅडम. उद्या कस्टमर म्हणाला हा सिनेमा मस्त आहे, तर ही त्याला तोंडावर सांगणार की मला हसू आलं नाही?”

“कस्टमर कार्ड बंद पडलं म्हणून फोन करतो हो! सिनेमाचं परीक्षण ऐकायला नाही.”

“क्लायंटची रिक्वायरमेंट आहे. कल्चर फिट.”

“लेखी दाखवा.”

“सगळं लेखी नसतं, मॅडम.”

“असं? मी सुट्टी मागितली की तुम्हाला बरं लेखी लागतं.”

तो खुर्चीत मागे टेकला. “मॅडम, ही शाळा नाहीये.”

“ते दिसतंच आहे. शाळेत कॉपी केली तर पेपर काढून घेतात. इथे आठ मार्क मिळतात.”

माझा आवाज बाहेरपर्यंत गेला असणार, कारण काचेपलीकडे दोन-तीन माना वळल्या. त्यालाही ते दिसलं. मग स्वर खाली आणून म्हणाला, “ओके. बुधवारी तिची री-टेस्ट घेऊ. तिला सांगा, जरा लाइटली घे म्हणावं.”

लाइटली! पोरीची नोकरी चालली होती आणि हा म्हणे लाइटली. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या.

विशाखाला मी कँटीनमध्ये गाठलं. म्हटलं, “बुधवारी परत घेणार आहेत. तुला जे वाटतं तेच बोल. अजिबात घाबरू नकोस. मी आहे.”

“हो मॅडम,” ती म्हणाली. “किती वाजता?”

मंगळवारी संध्याकाळी क्लायंटबरोबर आमचा आठवड्याचा कॉल असायचा. बँकेच्या बाजूनं लिंडा नावाच्या बाई असत. ट्रेनिंग त्यांच्याकडे होतं. आशुतोषनं बॅचचं कौतुक केलं, तक्ते वाचून दाखवले आणि म्हणाला, “एनी क्वेश्चन्स?”

“लिंडा,” मी म्हणाले, “सिनेमाच्या राउंडमध्ये तुम्हाला पोरांकडून नेमकं काय—”

आशुतोषनं म्यूटचं बटण दाबलं. म्हणजे आमचा आवाज पलीकडे जाणं बंद.

“काय करताय मॅडम?”

“म्यूट काढा.”

“आपण नंतर बोलू.”

मी हात लांब करून बटण स्वतः दाबलं आणि प्रश्न पूर्ण विचारला.

“कसले सिनेमे?” लिंडाबाईंनी विचारलं.

मी सांगितलं. त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, “आमचे ग्राहक गप्पा मारायला फोन करत नाहीत. कॉल लांबला की ते जास्तच चिडतात. असं काही आम्ही कधी मागितलेलं नाही. तुम्ही ट्रेनिंगच्या वेळात सिनेमे दाखवता?”

आशुतोष टेबलावर जवळजवळ आडवा होऊन फोनमध्ये म्हणाला, “नो नो, लिंडा, इट्स जस्ट अ फन ॲक्टिव्हिटी!”

कॉल संपला. त्याचा चेहरा लालबुंद.

“तुम्ही मला क्लायंटसमोर तोंडावर पाडलंत.”

“फन ॲक्टिव्हिटी ना? मग गमतीत नापास झाली म्हणून पोरगी घरी बसवणार आहेस तू?” मी त्याला पहिल्यांदाच अरे-तुरे केलं. “तुला लाज नाही वाटत? कुणी मागितलं नव्हतं, कुणाला नको होतं. तुझ्या हौसेपायी पोरं रडकुंडीला आली आहेत!”

“पुढच्या बॅचपासून राउंड बंद करतो. झालं समाधान?”

“आणि विशाखा?”

“या बॅचचे क्रायटेरिया एचआरकडे गेलेत. आता बदलले तर मला उत्तर द्यावं लागेल. री-टेस्ट होईल.”

म्हणजे राउंड चुकीचा, हे कबूल. पण त्यात नापास झालेली मुलगी नापासच! याला काय म्हणायचं? त्या रात्री मी घरी कुणाशी धड बोलले नाही. ठरवून टाकलं होतं, उद्या यानं तिला परत पाडलं की सरळ एचआरकडे जायचं, लिंडाबाई काय म्हणाल्या ते सगळं सांगायचं आणि गरज पडली तर राजीनामा तोंडावर फेकायचा.

बुधवारी मी पदर खोचूनच रूममध्ये गेले. आशुतोष, मी आणि समोर विशाखा. तिच्या हातात कागद नव्हता.

“सो, विशाखा,” आशुतोष म्हणाला, “टेल अस अबाउट द मूव्ही.”

विशाखानं छान हसून सुरुवात केली.

“द मूव्ही वॉज सिंपली हिलॅरियस.”

मला वाटलं, ती टोमणा मारते आहे. आता पुढे काहीतरी येईल. पण पुढे “द टायमिंग वॉज परफेक्ट” आलं. झेरॉक्सवरची सगळी वाक्यं, त्याच क्रमानं, एकही शब्द न चुकता. तो माणूस खुर्चीसकट पडतो त्या प्रसंगाबद्दल बोलताना ती जराशी हसलीसुद्धा. “आय कुडंट स्टॉप लाफिंग,” म्हणाली आणि थांबली.

आशुतोषनं नऊ मार्क दिले. “बघा मॅडम, ॲटिट्यूडमध्ये किती फरक पडला!” असं म्हणून उठून गेला.

मी विशाखाला पॅसेजमध्ये धरलं. मला तिचा राग आला होता, खोटं कशाला सांगू? त्याच्यापेक्षा जास्त तिचा आला होता.

“हे काय केलंस तू? मी भांडले ना तुझ्यासाठी! क्लायंटशी बोलले, त्याच्याशी बोलले. तुला खरं बोलायला काय झालं होतं?”

“तुम्ही भांडलात ते मला कळलंय, मॅडम. घरी पण सांगितलं मी,” ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. “पण तुम्ही हरला असतात, तर चिडून घरी गेला असतात आणि दुसऱ्या दिवशी परत आला असतात. मी कायमची गेले असते.”

“अगं, पण तुझं मत—”

“मत कुणी विचारलं होतं, मॅडम? ते हजेरी घेत होते. शुक्रवारी माझ्या लक्षात नाही आलं. आज मी ‘हजर’ म्हटलं.”

ती “येते मॅडम” म्हणाली आणि बस गाठायला गेली.

विशाखा पक्की झाली. फ्लोअरवर तिचं काम पहिल्यापासून उत्तम होतं, पुढे तीच टीम लीडर झाली. राउंड बंद झाला. ट्रेनिंगचा वेळ वाचवल्याबद्दल आशुतोषला वरून शाबासकीचा मेल आला, तो त्यानं सगळ्यांना फॉरवर्ड केला. मलाही. मी तो वाचून मॉनिटरला जे म्हणाले, ते इथे छापण्यासारखं नाही.

राग अजून गेलेला नाही. सासरे पुढेही केकमध्ये पडत राहिले, त्यांचं मला काही नाही. ज्याला हसू येतं त्यानं हसावं. पण ज्या प्रश्नाचं उत्तर चुकलं तर नोकरी जाते, तो प्रश्न मताचा नसतो, परीक्षेचा असतो. आयुष्यभर मी पोरांना सांगत आले की पाठांतर करू नका, स्वतःच्या शब्दांत लिहा. आता इंटरव्ह्यूला निघालेली पोरं सल्ला मागायला येतात, “मॅडम, आमचं मत विचारलं तर काय करायचं?” मी सरळ सांगते, पाठ करून जा.