इन लागलं की शब्द फिरला

चाकूरहून लातूरला निघालेली आमची यष्टी एका टँकरच्या मागं अडकली होती. मी ग्लासगोला शिकायला चालले होते. बाबा मला लातूरपर्यंत सोडायला आले होते, तिथून पुढं हैदराबादची गाडी होती. माझ्या मांडीवर बॅग आणि बॅगवर मायनं दिलेला धपाट्यांचा डबा. टँकरच्या पाठीवर लाल अक्षरं होती, हायली इनफ्लेमेबल. बाबांनी ती एकेक लावून वाचली, पंजा पालथा केला आणि म्हणाले, "बघ बाई, इन लागलं की शब्द फिरला. म्हणजे न जळणारं. भिऊ नको."

मला खरा अर्थ माहीत होता. भडका उडायला एक ठिणगी पुरे, असा. तरी मी "हाव" म्हणाले.

बाबा शाळेत शिपाई होते. घंटा दिली की आठवीच्या वर्गाबाहेर स्टुलावर बसायचे आणि आतलं इंग्रजी ऐकायचे. तिथूनच त्यांनी हा नियम उचलला. करेक्ट, इनकरेक्ट. डायरेक्ट, इनडायरेक्ट. मी चौथीत असल्यापासून जेवताना आमचं हेच चालायचं. ते शब्द म्हणायचे, मी इन लावायची, ते पंजा पालथा करायचे. गल्लीतल्या निम्म्या पोरांना त्यांनी हा नियम शिकवला होता. तो मी निघायच्या दिवशी कशी मोडणार? बापाचा मान राखला म्हणून मी स्वतःवरच खूश होते. खरं म्हणजे समजावत बसायचा मला कंटाळा आला होता. मन कधीच विमानात जाऊन बसलं होतं.

ग्लासगोत मी तुरीच्या मर रोगावर पीएचडी केली. त्यासाठी चाकूरच्या पावसाचं रोजचं माप हवं होतं. पाऊस मोजायची नळी मागवून मी घरी पोचती केली आणि फोनवर बाबांना बजावलं, "जेवढा पडला तेवढाच लिहा. पदरचं काही घालू नका, इथं खोटं चालत नाही." पोरीनं काम सांगितलं म्हटल्यावर काय विचारता! तीन वर्षं रोज सकाळी त्यांच्या वहीचा फोटो व्हॉट्सॲपवर यायचा. कोरड्या दिवशीसुद्धा पानावर एक शब्द असायचाच, निरंक.

प्रबंध झाला. आभाराच्या पानावर मी लिहिलं, माय फादर्स इनव्हॅल्युएबल हेल्प. बाइंडिंग करून एक प्रत कुरियरनं चाकूरला पाठवली.

त्यानंतर वहीचे फोटो बंद झाले. फोन केला की बाबा दोन वाक्यं बोलायचे आणि म्हणायचे, "घे, मायशी बोल." मला वाटलं, वय झालं, उत्साह ओसरला. नोकरी, व्हिसा, भाड्याचा फ्लॅट यांतून मलाच कुठं सवड होती? बोलणं आटोपतं झालं याचं मला बरंच वाटायचं. लाज वाटते आता लिहिताना.

अशी सहा वर्षं गेली. या हिवाळ्यात घरी गेले तेव्हा नव्या कामासाठी मला ती पावसाची वही पाहिजे होती. कपाटात शोधताना बाबांच्या निवृत्तीच्या शालीत गुंडाळलेला माझा प्रबंध सापडला. आभाराच्या पानावर इन या दोन अक्षरांभोवती पेन्सिलीचा गोल होता आणि खाली बाबांचं सरळ अक्षर, किंमत नसलेली मदत.

ते पान उघडं धरून तशीच अंगणात गेले. बाबा सुपात तूर निवडत होते.

"बाबा, हे काय लिहिलंत?"

त्यांनी मान वर केली नाही. "तूच लिवलंस. माझं माप कच्चं निघालं असंल. तिथं खोटं चालत न्हाई, तूच म्हणली व्हतीस."

"अहो, इनव्हॅल्युएबल म्हणजे लई मोलाची! जिची किंमतच करता येत नाही अशी."

"माझं मन राखून राहिलीस."

हे मला झोंबलं. कारण मन राखलं होतं ते त्या यष्टीत. मी सगळं सांगून टाकलं. टँकर जळणाराच होता, मला ठाऊक होतं, तरी गप्प बसले. बाबांनी सूप खाली ठेवलं, पण चेहऱ्यावर विश्वास काही दिसेना. मी मोबाईलवर डिक्शनरी उघडली, तर ते बघायलाच तयार नाहीत. मग एकदम सुचलं.

"बाबा, अमूल्य म्हणजे काय? अ लागला म्हणून मूल्य गेलं का?"

ते ओठातल्या ओठात म्हणाले, "अ... मूल्य." पंजा पालथा केला. थोड्या वेळानं पुन्हा उताणा केला. डोळे भरून आले होते त्यांचे.

"सहा वर्सं, बाई," ते म्हणाले. "मंग अमूल्यच लिवायचं की गं. मला वाचता आलं असतं."

मी त्यांच्या शेजारी बसून तूर निवडत राहिले.

तुम्हीही कुणी माझ्यासारखे लांब गेला असाल, तर घरच्यांची चूक कळूनही "हाव" म्हणून पुढं जाऊ नका. मला घर म्हणजे गाव आणि शिवार वाटायचं. आता वाटतं, मी लिहिलेलं एकेक अक्षर लावून जिथं वाचतात ते घर. आणि मी तिथं वाचता येणार नाही असं लिहून पाठवलं.

परत आल्यापासून वहीचा फोटो पुन्हा यायला लागलाय. अक्षर थोडं कापरं झालंय. आजच्या पानावर निरंक आहे. मधल्या सहा वर्षांत चाकूरला पाऊस पडला, लई पडला म्हणे. तो मात्र आमच्या वहीत कुठंच नाही.