सायीच्या रंगाचा गालिचा

सुरुवातीलाच सांगते, तो गालिचा मी मुद्दाम खराब केलेला नाही.

(हे वाक्य आत्तापर्यंत नवऱ्याला, मुलाला, दूधवाल्याला आणि लिफ्टमध्ये भेटलेल्या एका अनोळखी बाईला सांगून झालंय. आता तुम्हीही ऐकून घ्या.)

झालं असं, की लग्नाला सहा महिने झाल्यावर आमच्या सुनेने, मृणालने, जेवणाच्या टेबलाखाली घालायला गालिचा घ्यायचं ठरवलं. नाशिक रोडच्या आमच्या घरात टेबलाखाली आजवर नुसती फरशी होती आणि गालिच्यावाचून आमचं काही अडत नव्हतं. पण पोरगी हौशी. टेप घेऊन तिने टेबल मोजलं, मग खुर्च्या मागे ओढून पुन्हा मोजलं, कारण माणूस उठताना खुर्चीचे मागचे पाय गालिच्यावरून खाली उतरता कामा नयेत म्हणे. मला ते फार आवडलं. मी चौतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलंय, मोजून-मापून काम करणारं माणूस दिसलं की मला बरं वाटतं. मग आम्ही दुकानात गेलो आणि या मोजून-मापून काम करणाऱ्या मुलीने सायीच्या रंगाचा गालिचा उचलला.

मी हबकलेच. जेवणाच्या टेबलाखाली सायीचा रंग! आमच्या घरात काळ्या मसाल्याची आमटी होते, रविवारी मिसळ होते, आणि आमचे हे वाटीतून जेवढा रस्सा उचलतात त्यातला फार तर निम्मा तोंडापर्यंत पोचतो. मी तिला मरून रंगाचा दाखवला, चॉकलेटी दाखवला, डोळे दुखतील असा फुलाफुलांचाही दाखवला.

"आई, त्यांच्यावर डाग दिसत नाहीत, पण असतात," मृणाल म्हणाली. "याच्यावर दिसेल, म्हणून आपण पाडणारच नाही."

असला तर्क मी उभ्या आयुष्यात ऐकला नव्हता. गालिचा घरी आला आणि पाठोपाठ त्याची नियमावली आली. तिने एक कागद लिहून फ्रिजवर चिकटवला. चपला घालून यायचं नाही. दिवसाआड व्हॅक्यूम. कोरडं काही सांडलं तर आधी व्हॅक्यूम, पाणी नाही. ओलं सांडलं तर फडक्याने टिपायचं, घासायचं नाही. 'घासायचं नाही'च्या खाली दोन रेघा. चौतीस वर्षं मी दुसऱ्यांच्या वह्यांत अशा रेघा मारल्या, त्यामुळे त्या मला जरा झोंबल्याच.

त्याच संध्याकाळी बिल्डिंगखालच्या बाकावर शिंदेवहिनींसमोर माझं तोंड सुटलं. शिंदेवहिनी आमच्या वरच्याच मजल्यावर राहतात, आणि त्यांच्या कानावर घातलेली गोष्ट लिफ्टच्या आधी गच्चीवर पोचते. मी म्हणाले, "बघा हं, महिन्याच्या आत त्याचं पोतेरं होतं की नाही!" बाकावरच्या सगळ्या बायका हसल्या. मीही हसले. तेव्हा माझी जीभ का झडली नाही, कोण जाणे.

महिना व्हायला दोन दिवस राहिले असताना, शनिवारी, मुलगा आणि मृणाल तिच्या माहेरी संगमनेरला गेले. रविवारी संध्याकाळी परत येणार होते. निघताना मृणाल म्हणाली, "आई, गालिचा तुमच्यावर सोपवून चाललेय." बोलण्यात खोच अजिबात नव्हती, म्हणूनच मला घाम फुटला. या घरातली भांडी माझी, पडदे माझे, टेबलसुद्धा माझंच. तिने स्वतः निवडून आणलेली ही पहिली वस्तू होती. त्या गालिच्याला जरा जरी काही झालं, तर सासूने मुद्दाम केलं असंच तिला वाटणार. आणि का वाटू नये? सगळ्या बिल्डिंगसमोर भाकीत मीच केलं होतं.

म्हणून दोन दिवस टेबल वापरायचंच नाही असं मी फर्मान काढलं. शनिवारी आम्ही दोघं ओट्याशी उभ्याने जेवलो. रविवारचा चहा गॅलरीत घेतला. आणि रविवारी दुपारी आमचे हे गिरणीतून वर्षाची हळद दळून घेऊन आले.

दोन किलो हळद! ह्यांचं सगळं आयुष्य ओझरच्या कारखान्यात विमानाचे सुटे भाग तपासण्यात गेलं, त्यामुळे कामात कुचराई नाही. गरम हळद पसरून गार केल्याशिवाय डब्यात भरायची नसते, हे त्यांना बरोबर ठाऊक. त्यांनी टेबलावर पेपर अंथरला, त्यावर हळद एकसारखी पसरली, कपाळावरचा घाम पुसला आणि पंखा पाचवर लावला.

मी आत आडवी झाले होते. "अगं, जरा बाहेर येतेस का?" अशी हाक आली. चाळीस वर्षांच्या संसारात इतक्या मऊ आवाजात त्यांनी मला दोनदाच बोलावलंय, आणि दोन्ही वेळा घरात काहीतरी फुटलेलं होतं. बाहेर येऊन बघते तर हे पिवळे. मिशी पिवळी, चष्मा पिवळा, गंजी पिवळी. आणि गालिचाही.

कोरडं सांडलं तर आधी व्हॅक्यूम, पाणी नाही. कागद चार पावलांवर होता. मी वाचला का? छे! मी धावत जाऊन ओलं फडकं आणलं आणि सगळा जोर लावून घासलं. जी हळद नुसती बसली होती ती छान मुरली. परातीएवढा पिवळाधम्मक डाग उमटला. तो बघून मी आणखी घाबरले, कपड्यांचा साबण आणला आणि त्याच्यावर खसाखसा चोळला.

डाग लाल झाला.

हातात साबण घेऊन मी गुडघ्यांवर तशीच बसून राहिले. हळदीला साबण लावला तर काय होतं? सातवीच्या प्रत्येक वर्गाला मी हा प्रयोग करून दाखवलाय. उत्तर चुकलेल्या पोरांना बाकावर उभं केलंय!

"अगं, हे लाल कसं काय झालं?" ह्यांनी कुतूहलाने विचारलं. मी त्यांच्याकडे असं बघितलं की त्यांनी पंखा बंद केला.

पण विज्ञानाला विज्ञानच उतारा. आंबट लावलं की लाल हळद परत पिवळी होते. मी घरातली आठही लिंबं पिळली आणि डाग खरोखर पिवळा झाला. गालिच्यावर पिवळा डाग बघून आनंदाने डोळ्यांत पाणी आलेली मी पहिलीच बाई असेन. आता गालिचा कडक उन्हात पडला की रंग उडणार, हेही मला माहीत होतं. फक्त त्याच्यावर आमचं सागवानी टेबल होतं आणि ते उचलायला आमच्या दोघांच्या कमरा होत्या. म्हणून वॉचमनला बोलवायला मी खाली गेले. तो जेवायला गेलेला. दहा मिनिटं वाट बघून मी परत वर आले, तर हे बादली घेऊन गालिच्यावर वाकलेले.

"लिंबाचा फार वास मारत होता," हे म्हणाले, "म्हणून साबणाच्या पाण्याने जरा पुसून घेतलं."

डाग पुन्हा लाल, आणि आता परातीचा पाट झालेला. मी काही बोलणार, एवढ्यात मागून चाहूल लागली. मी वॉचमनला हाका मारत होते, त्या ऐकून शिंदेवहिनी मदतीला म्हणून पाठोपाठ आल्या होत्या. त्यांनी डाग बघितला, माझ्याकडे बघितलं आणि बोटांवर काहीतरी मोजलं.

"महिन्याच्या आत म्हणाला होतात बाई," त्या म्हणाल्या. "एक दिवस राखून केलंत."

मग त्या लिफ्टची वाटही न बघता जिन्याने गेल्या.

ह्यांनी तोंड धुऊन गंजी बदलली, उरलेली हळद डब्यात भरली, आणि पाचला बेल वाजली. मुलं लवकर आली होती. मला दुसरं काही सुचलं नाही. मी खुर्ची ओढली, दोन्ही पाय डागावर ठेवले, भोवती साडी पसरली आणि बसले. मृणालने चहा केला, मी तिथेच प्यायले. मुलाने मोबाईलवरचे फोटो दाखवायला सोफ्यावर बोलावलं, मी इथूनच छान दिसतायत म्हणाले. पाऊण तासाने मृणालने काळजीने विचारलं, "आई, पाय दुखतायत का?" मला वाटलं, सुटले! मी हो म्हणाले. तर ती तेलाची वाटी घेऊन आली, खाली बसली आणि नको नको म्हणेपर्यंत माझा पाय उचलून मांडीवर घेतला.

तळपाय ओला आणि केशरी होता. तिने आपला हात बघितला. मग हळूच साडी बाजूला केली.

"मृणाल, मी मुद्दाम नाही केलं गं," मी म्हणाले आणि चक्क रडायला लागले. अख्खी शाळा जिला टरकायची, ती मी.

तिने डागावर बोट टेकलं, वास घेतला. "आधी पाणी लावलंत?"

"हो."

"मग साबण?"

"हो."

"मग लिंबू?"

"आठ."

"आणि परत साबण?"

"तो मी," हे सोफ्याआडून म्हणाले.

मृणालने तेलाची वाटी बाजूला सरकवली. मग म्हणाली, "वाटेत शिंदेकाकूंचा मेसेज आला होता. 'सासूने बोलल्याप्रमाणे करून दाखवलं.' मला अर्थच लागला नव्हता." तिने हात पुसला आणि तिथेच बसून शिंदेवहिनींना फोन लावला, तोही स्पीकरवर. "काकू, आईंनी मुद्दाम नाही केलं," ती ठणकावून म्हणाली. "मुद्दाम करणाऱ्या माणसाला इतकं वाईट जमत नाही."

दुसऱ्या दिवशी मुलाने आणि वॉचमनने गालिचा गच्चीवर नेला. मृणालने बाजारातून लिंबं आणून पिळली, चार दिवसांच्या उन्हात रंग जवळजवळ उडाला. गच्चीवर पापड वाळत घालायला आलेल्या प्रत्येकीने तिला विचारलं, आणि प्रत्येकीला तिने पाणी, साबण, लिंबू, परत साबण अशी सगळी हकिगत क्रमाने सांगून माझी बाजू मांडली. अशी सून मिळायला भाग्य लागतं. माझ्या मनात काही नव्हतं, हे आता अख्ख्या बिल्डिंगला पटलंय. डोक्यातही काही नव्हतं, हे त्याच पुराव्यावरून.