नायकाची कामं करणाऱ्या बाई

क्लोनडॉकिन या आयरिश उपनगरात आमच्या शेजारी हाँगकाँगच्या एक बाई राहायच्या. ऐंशीच्या घरातल्या, एकट्या. माझी आई पुण्याहून आली होती तेव्हाची गोष्ट. ती परसात कपडे वाळत घालताना नाट्यपद गुणगुणत होती. कुंपणापलीकडून बाईंनी मला इंग्रजीत विचारलं, "आई स्टेजवर गायच्या का?"

"नाही, नुसती नाटकवेडी आहे."

"मी गायचे," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्या चहाला आल्या. आईसाठी मी दुभाषी झाले. लहानपणीच त्यांना वडिलांनी कँटोनीज ऑपेराच्या, म्हणजे त्यांच्या भाषेतल्या संगीत नाटकांच्या, कंपनीत घातलं होतं. गुरुजींनी त्यांना नायकाच्या भूमिकांसाठी तयार केलं.

आई हसली. "आमच्याकडे पुरुष नायिका व्हायचे, यांच्याकडे उलटंच."

पुढे त्या ऑपेरांचे सिनेमे निघाले, त्यांत बाई गाजल्या. मग मँडरिन सिनेमांची लाट आली. ती भाषा त्यांना धड येत नसे. पडद्यावर तोंड त्यांचं, आवाज दुसरीचा. ते त्यांना सोसलं नाही. लग्न करून त्या नवऱ्यासोबत इथल्या पोर्टलीश गावी आल्या आणि चिनी जेवण बांधून देणाऱ्या टेकअवे दुकानाच्या काउंटरमागे उभ्या राहिल्या.

"गुरुजींनी निरोप धाडला होता, ये, कंपनी पुन्हा उभी करू. नवराही जा म्हणाला. मीच म्हटलं, मुलगी जरा मोठी होऊ दे. आवाज कुठे पळून जातोय?" त्यांनी कप खाली ठेवला. "गुरुजी वाट बघत गेले."

आईने त्यांचा हात धरला. "थोडं म्हणा ना."

त्या उठल्या. पाठ ताठ झाली, हनुवटी वर गेली. पहिल्या ओळी भरदार आल्या. वरच्या सुराला आवाज चिरकला. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. त्या खाली बसल्या.

त्यांना शोधत आलेली त्यांची मुलगी दारात उभी होती. पन्नाशीची, बोलणं अस्सल आयरिश. "ममला गाताना मी कधीच ऐकलं नव्हतं," ती मला म्हणाली. मग बाईंजवळ जाऊन, "मला शिकव ना."

"तुला शब्दच कळायचे नाहीत. मीच कधी आपली भाषा शिकवली नाही," बाई म्हणाल्या.

त्या हिवाळ्यात मुलीने त्यांना आपल्या घरी लिमरिकला नेलं. मधूनमधून तिचा फोन येतो. तब्येत बरी आहे म्हणते. गाण्याचा विषय काढला की बाई खोलीतून उठून जातात.