पेटीच्या तळाशी दिवा

रोलरदादांनी उभ्या हयातीत रस्तेच दाबले. उतारवयात नशिबानं त्यांना शहराच्या कचऱ्याच्या डोंगरावर आणून टाकलं आणि राहायला डोंगराच्या पायथ्याशी, कुंपणाच्या आत एक खोली दिली. कुजत्या कचऱ्यातून मिथेन निघे आणि जमिनीखालून सरपटत त्या खोलीपर्यंत येई. ठिणगी पडली की भडका. म्हणून खिडकी कधी लावायची नाही, थंडी असो, माश्या असोत, नाक फाटो. आणि काडी ओढायची नाही. काडेपेटी गेटवाल्याकडे जमा. स्वयंपाक गेटबाहेरच्या शेडमध्ये.

त्यांच्या बायकोला माश्यांचंही एवढं वाटत नसे. देवापुढे दिवा लागत नाही, हे मात्र तिला फार लागे. संध्याकाळी ती अंधारात हात जोडून बसे. "देवा, तूच समजून घे," एवढंच म्हणे. समई नव्हती, साधा पितळी दिवाच होता. तो तिनं घासूनपुसून पेटीच्या तळाशी ठेवला होता, वर पांघरुणं, वर कपडे. बांधाबांध कधीचीच झालेली. कारण साहेबांनी शब्द दिला होता, की खोलीमागच्या उतारावर नवी माती पसरून झाली आणि गॅस मोजणाऱ्या मीटरचा आकडा खाली आला, की दादांची बदली रोपवाटिकेत.

ही माती कंपोस्ट मिसळलेली, भुसभुशीत. काम बघणाऱ्या इंजिनिअर मॅडम म्हणाल्या होत्या, "दादा, यात डोळ्यांना न दिसणारे जिवाणू आहेत. ते मिथेन खातात. त्यांना फक्त ओल आणि हवा द्या."

दादांनी मान डोलावली. पण बदलीची घाई, त्यात हाताची सवय! मॅडम रजेवर गेल्या आणि यांनी उतारावर छोटा रोलर असा फिरवला, की माती तव्यासारखी झाली.

"बघ, नाचलीस तरी ठसा उमटायचा नाही," ते बायकोला म्हणाले.

"अहो, पण मॅडमनी असंच सांगितलं होतं का?"

"दाबल्याशिवाय काम पक्कं होतं का कधी? तुला काय कळतंय त्यातलं!"

मॅडम आल्या. उतारावर मीटर गप्प होता, म्हणून दादा मिशीत हसले. पण खोलीच्या भिंतीशी नेताच तो किंचाळायलाच लागला.

"दादा! माती पसरायला सांगितली होती, फरशी बसवायला नाही. जिवाणूंचा श्वास कोंडला. वरची वाट बंद झाल्यावर गॅस तुमच्याच घरात शिरणार ना?"

दोघांचं अंथरूण शेडमध्ये गेलं. गेटवाल्याला तेवढंच पाहिजे होतं. "काय दादा, बदली एवढ्या जवळच झाली होय?"

दादा हसले नाहीत. ते कुदळ घेऊन एकटेच उतार उकरू लागले. स्वतः दाबलेली माती, ती काय सहज सुटते? तळहात सोलले. शेवटी एका सकाळी बायको पदर खोचून शेजारी उभी राहिली.

"सरका जरा. त्यांच्या तोंडचा घास आपण काढला, आता निस्तरायला नको?" तिनं ढेकूळ हातानं फोडलं. "डोळ्यांना दिसत नाहीत म्हणून काय झालं, लेकरं देवाचीच ना."

दोघांनी माती मोकळी केली, ती सुकू दिली नाही. आकडा हळूहळू उतरला. थंडी सरता सरता मॅडम खोलीत कोपरान् कोपरा फिरल्या. मीटर गप्प.

"खिडकी लावा आता. दिवाही लावा, काकू." मग त्या जरा घुटमळल्या. "दादा, साहेबांनी बदली थांबवलीय. सगळ्या डोंगरावर हीच माती घालायचीय. ते म्हणतात, एकदा चुकीतून शिकलेला माणूस मी सोडणार नाही."

"सगळ्या डोंगरावर?" दादांनी खिडकीतून वर पाहिलं. डोंगराचं टोक चौकटीत मावत नव्हतं. "माझी नोकरी संपेल, मॅडम, हा डोंगर संपायचा नाही."

मॅडम गेल्यावर बायको बराच वेळ पेटीवर बसून राहिली. मग उठली आणि झाकण उघडलं. कपडे काढून खुंटीला लावले. पांघरुणं खाटेवर गेली. तळाशी हात घालून तिनं दिवा काढला आणि पदरानं पुसला.

"काडेपेटी आणा," ती म्हणाली.

दादा गेटवर गेले.

"निघालात की काय?" गेटवाल्यानं विचारलं.

"नाही रे," दादा म्हणाले. "दिवा लावायचाय."

गेटवाल्यानं खण उघडून काडेपेटी पुढे केली.